‘पोट्ट्याले मराच्या गोष्टी काहून सांगता?’

पत्र : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. अकरावी कला शाखेतल्या हौशी मुलामुलींसाठी शनिवारी कॉलेज सुटल्यावर वाचनाचा तास घेते. वर्षभरात एक ग्रीक शोकांतिका आणि एक डिस्टोपियन कादंबरी, म्हणजे उद्याचं जग बिघडलं तर कसं असेल याची गोष्ट, अशा दोन्ही करायचं ठरवलं होतं. सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’पासून सुरुवात केली. गोष्ट मराठीतून सांगितली, मुलं रंगून ऐकत होती. शेवटाला तिघं जण जीव देतात. तिथवर आले आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा दप्तर उचलून निघून गेला. त्याच्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी आत्महत्या केली हे मला नंतर कळलं. सोमवारी त्याचे काका आले. आवाज न चढवता म्हणाले, ‘‘मॅडम, पोट्टं आत्ता कुठी जेवाले लागलं. त्याले मराच्या गोष्टी काहून सांगता?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहकारी म्हणतात, पोरांना साधा अर्ज इंग्रजीत लिहिता येत नाही, तुम्ही ग्रीक काय घेऊन बसलात. डिस्टोपियासाठी जॉर्ज ऑरवेलची कादंबरी घेणार म्हटल्यावर एकांनी सांगितलं, राजकारणात पडू नका. हे सगळं बंद करू का?
– एक इंग्रजी शिक्षिका

उत्तर :

बंद करू नका. मात्र पुढच्या शनिवारी जिथे थांबलात तिथूनच पुढे सुरू करू नका.

आधी त्या मुलाचं बघू. त्याला स्टाफरूममध्ये बोलावू नका. तिथे चार जण माना वळवून बघतात. सायकल काढताना गाठा, नाहीतर व्हरांड्यात. ‘का उठून गेलास’ हे विचारू नका, ते तुम्हाला आणि त्याला दोघांना माहीत आहे. एवढंच म्हणा, ‘‘त्या गोष्टीचा शेवट काय आहे हे आधी सांगूनच इथून पुढे मी सुरुवात करणार आहे. तुला यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर नको येऊस. तुझ्याबद्दल माझं मन तसूभर बदलणार नाही.’’ आणि खरंच बदलू देऊ नका. तो दिसला की आवाज हळू करणं, त्याला प्रश्न विचारायचं टाळणं, हे त्या वयाच्या मुलाला लगेच कळतं आणि टोचतं.

पुढचे काही आठवडे लक्ष असू द्या. गैरहजर राहायला लागला, जेवणावरून मन उडालं, ‘कशाचाच काही उपयोग नाही’ असं बोलायला लागला, तर सरळ विचारा : मनात मरणाचे विचार येतात का? विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो असं आपल्याकडे समजतात, ते खरं नाही. उलट कोणीतरी विचारलं याने मोकळं व्हायला होतं. ‘हो’ म्हणाला तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्याच दिवशी आईला किंवा काकांना सांगा आणि ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना दाखवायला लावा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही नंबर वर्गाच्या भिंतीवर कायमचे लावून टाका, कोणा एकासाठी लावले असं वाटू नये.

काकांना कॉलेजात परत बोलावू नका, तुम्हीच त्यांच्या घरी जा. पोरगं कधीपासून जेवायला लागलं हे ज्याच्या ध्यानात असतं, तो माणूस तुमच्या बाजूचा आहे. वर्गात तुम्ही काय करणार आहात ते त्यांना सांगा, आणि पोराच्या काळजीपोटी आलात ते बरं केलंत असंही सांगा.

आणि अशा घरातलं मूल तुमच्या वर्गात एकच आहे असं धरून चालू नका. म्हणून नियम सगळ्यांसाठी करा : दुःखान्त गोष्ट घ्यायची तर शेवट पहिल्याच दिवशी सांगायचा. यात नाटकाचं काही बिघडत नाही. अथेन्समध्ये वसंतात डायोनायसस देवाच्या उत्सवात ही नाटकं व्हायची, तेव्हा अँटिगनीच्या घराण्याची, म्हणजे थीब्जच्या राजघराण्याची कथा लोकांना आधीच ठाऊक असे. पुढे काय होणार यासाठी नाही, कसं होतं ते बघायला माणसं डोंगरउतारावर बसत. आपल्याकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईच्या म्हणजे जत्रेच्या दिवसांत गाव रात्रभर नाटकाला बसतं, त्यातल्या कितीजणांना शेवट माहीत नसतो? शिवाय ग्रीक रंगमंचावर मरण सहसा दाखवत नसत. निरोप्या येऊन सांगायचा. तुम्हीही तेच करा. ते मरण कसं घडलं याचा तपशील सांगू नका, त्याचा अभिनय तर मुळीच करायला लावू नका, आणि ‘अँटिगनीने जीव दिला ते योग्य की अयोग्य’ असा निबंध कधीच देऊ नका. जीव देणं हा वादविवादाचा विषय झाला की त्याला एक बाजू मिळते.

आता ज्यासाठी हे उत्तर लांबवावंसं वाटतं, ते.

शोकांतिका शिकवायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : नायकाचा दोष कोणता? ‘अँटिगनी’तल्या राजा क्रिऑनचा हट्ट, तिच्या बापाचा, इडिपसचा ताठा. झालं उत्तर, मिळाले मार्क. ज्या वर्गात कोणाचा बाप असा गेलेला आहे, तिथे हा प्रश्न पोराच्या कानात वेगळाच उतरतो. माणूस बुडाला म्हणजे त्याच्यातच काहीतरी खोट असणार. हे त्याने आधीच ऐकलेलं असतं, पारावर, मयतीच्या घरी. पीत होता, उधळ्या होता, डोक्याने हलका होता. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मदतीचं प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवायला जिल्ह्यात समिती बसते. एक लाखाची ती मदत, आणि तिच्यासाठी गेलेल्या माणसाच्या आयुष्याची छाननी. ज्याच्या घरात असा कागद आला आहे, त्याला वर्गातही फळ्यावर ‘दोष’ लिहिलेला दिसला तर तो काय समजेल?

मुळात ॲरिस्टॉटलनेही असं म्हटलेलं नाही. त्याच्या मते शोकांतिकेतला माणूस फार थोर नसतो आणि दुष्टही नसतो. तो वाईट असल्यामुळे पडत नाही, त्याच्या हातून काही चूक होते. त्या चुकीची ‘स्वभावातली खोट’ पुढच्या गाइडांनी करून टाकली. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणलं आहे. जिल्ह्याच्या ग्रंथालयात मिळालं तर तेवढं प्रकरण वाचा.

म्हणून तुमचं मूळ ठरवलेलं मला फार पटलं, शोकांतिका आणि डिस्टोपिया शेजारी शेजारी ठेवायचं. तुम्ही कोणत्या विचाराने ते ठरवलंत ते पत्रात लिहिलेलं नाही, पण विदर्भातल्या वर्गाला ही जोडी हवीच आहे. शोकांतिका एका माणसाचा निर्णय जवळून दाखवते. डिस्टोपिया अशी व्यवस्था दाखवते, जिच्यात एकट्याने कितीही नीट वागून भागत नाही. नुसती पहिली वाचली तर सगळा दोष माणसावर येतो. नुसती दुसरी वाचली तर वाटतं, कोणाच्याच हातात काही नाही. मुलांना दोन्ही दिसायला हवं.

आणि ‘दोष कोणता’ऐवजी फळ्यावर वेगळा प्रश्न लिहा : कोणाला माहीत होतं, आणि ते कधी बोलले?

‘अँटिगनी’त बघा. क्रिऑनचा हुकूम की अँटिगनीचा भाऊ पॉलिनायसीज गावावर चालून आला होता, त्याला मूठमाती द्यायची नाही. बहीण जाऊन माती टाकते. क्रिऑनचा मुलगा हायमॉन, ज्याचं अँटिगनीशी लग्न ठरलेलं आहे, बापाला सांगायला येतो की गाव या पोरीसाठी हळहळतं आहे, तुमच्या धाकाने तोंडावर कोणी बोलत नाही. पुरात जी झाडं वाकतात त्यांची फांदीही वाचते, जी ताठ राहतात ती मुळासकट जातात. आणि ज्या गावावर एकाचाच मालकी हक्क, ते गावच नव्हे. बाप ऐकत नाही. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस येऊन सांगतो तेव्हा कुठे क्रिऑन हलतो. लोक त्याला सांगतात, आधी गुहेत कोंडलेल्या पोरीला सोडव, मग मेलेल्याची माती कर. तो उलट करतो. आधी मातीला जातो, नीट विधी करतो, मग गुहेकडे वळतो. उशीर झालेला असतो. यावर तुमच्या मुलांना तासभर बोलू द्या. तो आधी मेलेल्याकडे का गेला? जिवंत माणूस थांबेल असं त्याला का वाटलं?

हाच प्रश्न घेऊन ‘ॲनिमल फार्म’कडे या. ऑरवेलची ही गोष्ट १९४५ची, दहाच प्रकरणं. शेतावरची जनावरं मालकाला हाकलून कारभार हातात घेतात, आणि हळूहळू डुकरंच मालक होऊन बसतात. त्याचीच ‘नाइन्टीन एटी-फोर’ अकरावीला नको. ती लांब आहे आणि शेवटाकडचा छळ या वर्गाला झेपणार नाही. तिच्यातलं एक पान तेवढं वाचा : चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर येतं, आणि दुसऱ्या दिवशी लोक रेशन वाढवून २० ग्रॅम केलं म्हणून आभाराचे मोर्चे काढतात. पोरं खदखदून हसतील, मग गप्प होतील.

‘ॲनिमल फार्म’मध्ये गोठ्याच्या भिंतीवर सात नियम रंगवलेले असतात. डुकरं माणसांच्या घरात जाऊन पलंगावर झोपायला लागतात. क्लोव्हर नावाच्या घोडीला आठवतं की पलंगाविरुद्ध काहीतरी नियम होता. ती भिंतीपाशी जाते, पण तिला सुटी अक्षरंच येतात, शब्द लागत नाहीत. म्हणून ती म्युरिएल शेळीला बोलावते : चौथा नियम वाचून दाखव गं. म्युरिएल अडखळत वाचते, चादर घातलेल्या पलंगावर झोपू नये. चादरीचं काही क्लोव्हरला आठवत नाही. पण भिंतीवर आहे म्हणजे असेलच. पुढे एका रात्री धाडकन आवाज होतो. बाहेर येऊन बघतात तर शिडी मोडून दोन तुकडे झालेली, कंदील, ब्रश, पांढऱ्या रंगाचा सांडलेला डबा, आणि मध्ये आडवा पडलेला स्क्वीलर, डुकरांचा बोलका पुढारी. कोणालाच उलगडा होत नाही. बेंजामिन गाढवाला होतो. त्याला उत्तम वाचता येतं. तो मान हलवतो आणि गप्प बसतो.

इथे थांबा आणि वर्गाला विचारा, तुमच्या घरी आलेला कागद कोण वाचतं? बँकेची नोटीस, सोसायटीचं पत्र, पीकविम्याचा अर्ज, मोबाइलवरची ई-पीक पाहणी. अर्ध्याहून जास्त हात वर येतील असं मला वाटतं, कारण कितीतरी घरांत हे काम अकरावीतल्या पोराकडे किंवा पोरीकडेच असतं. बाप खुर्चीवर बसलेला, पोरगी उभ्याने वाचते आहे, ‘थकबाकी’पाशी तिचा आवाज बदलतो. म्युरिएल म्हणजे कोण हे त्या पोरीला समजावून सांगावं लागणार नाही. ‘यांना साधा अर्ज लिहिता येत नाही’ म्हणणाऱ्यांना हेच उत्तर आहे. बारीक अक्षरातला कागद नीट वाचणं, काल तिथे काय लिहिलं होतं ते लक्षात ठेवणं आणि आज बदललं असेल तर विचारणं, याचा सराव या पुस्तकाइतका चांगला दुसरा कुठला पाठ देईल?

मग बॉक्सरचं प्रकरण. बॉक्सर घोड्याला ‘ड’च्या म्हणजे चौथ्या अक्षराच्या पुढे वाचता येत नाही. ‘मी आणखी कष्ट करीन’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. पवनचक्कीसाठी दगड ओढता ओढता तो कोसळतो. त्याला दवाखान्यात नेतो म्हणून डुकरं गाडी बोलावतात. बाकीची जनावरं त्याला निरोप द्यायला जमतात, तेव्हा बेंजामिन पहिल्यांदा ओरडतो : गाडीवर काय लिहिलंय ते दिसत नाही का? म्युरिएल अक्षरं जुळवायला लागते, तो तिला बाजूला सारून स्वतः मोठ्याने वाचतो. घोडे कापणाऱ्याची गाडी असते ती. आतून खुरांचे आवाज येतात, हळूहळू कमी होतात. पोळ्याला बैलांच्या पायावर पाणी घालणाऱ्या घरातली ही मुलं आहेत, हे पान वाचताना त्यांना वेळ द्या. मग विचारा, बॉक्सरचा दोष कोणता? मिळणार नाही. तो बुडाला तो कष्ट कमी पडले म्हणून नाही. हे तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलाने तुमच्या तोंडून नाही, त्या पानातून ऐकावं, म्हणून मी हे पुस्तक आधी घ्या म्हणते.

एक गोष्ट जपून. ‘कोणाला माहीत होतं’ हा प्रश्न पुस्तकाच्या बाहेर नेऊ नका. ज्याचं माणूस गेलं आहे, तो मूल असला तरी रात्री पडल्या पडल्या स्वतःलाच हे विचारत असतो. म्हणून वर्गात उत्तर शोधताना बोट नेहमी सत्ता असलेल्याकडे राहू द्या. ऐकायची ताकद राजाकडे होती. भिंत रंगवायचा डबा डुकरांकडे होता. इस्मीनीने, अँटिगनीच्या धाकट्या बहिणीने, काय करायला हवं होतं असा प्रश्न कोणी काढला तर तुम्हीच सांगा की तिच्या हातात फार थोडं होतं. ती नाटकात शेवटी जिवंत राहते. तिचं पुढे काय झालं असेल यावर कोणाला लिहावंसं वाटलं तर लिहू द्या, तपासू नका.

‘अँटिगनी’ दिवाळीनंतर घ्या. त्याआधी सोफोक्लीजचंच दुसरं नाटक करा, ‘फिलॉक्टेटीज’. हे फारसं कोणी शिकवत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं. सोफोक्लीजची सव्वाशेच्या आसपास नाटकं होती म्हणतात, पूर्ण अशी सातच उरली. त्यातलं हे त्याच्या अगदी म्हातारपणचं, इसवी सन पूर्व ४०९चं. फिलॉक्टेटीजच्या पायाला साप चावतो. जखम चिघळते, घाण सुटते, तो रात्रंदिवस ओरडतो, म्हणून त्याचेच सोबती त्याला लेम्नॉस बेटावर टाकून युद्धाला निघून जातात. दहा वर्षांनी कळतं की त्याच्याजवळच्या धनुष्याशिवाय ट्रॉय पडणार नाही. तेव्हा त्या सोबत्यांमधलाच ओडिसियस तरुण निओप्टोलेमसला घेऊन येतो आणि म्हणतो, या माणसाशी गोड बोल, खोटं सांग, धनुष्य काढून घे. पोरगा तयार होतो, धनुष्य हातात पडतं, आणि मग त्या माणसाच्या वेदना समोर बघून त्याला राहवत नाही. तो धनुष्य परत देतो. या नाटकात कोणी मरत नाही. अथेन्सकरांनी याला पहिलं बक्षीस दिलं होतं. शोकांतिका म्हणजे शेवटी प्रेतं पडलीच पाहिजेत हा समज यातून आपोआप सुटेल. धुऱ्यावर सापाला घाबरून काठी आपटत चालणाऱ्या मुलांना ही जखम परकी वाटणार नाही. काम होतं तोवर जवळ, मग टाकून दिलं, पुन्हा गरज पडली की गोड बोलायला आले, हेही परकं नाही.

राजकारणाचं थोडक्यात. ऑरवेलने ‘ॲनिमल फार्म’ रशियातल्या क्रांतीवर आणि स्टालिनच्या राजवटीवर लिहिलं, बऱ्याच प्रकाशकांनी ते नाकारलं होतं. तेवढंच सांगा. त्याचा जन्म १९०३ साली बिहारमध्ये मोतिहारीला झाला हे सांगितलंत तर मुलांना तो जवळचा वाटेल. इथल्या कुठल्याही पक्षाचं नाव तुम्ही घेऊ नका. मुलांनी घेतलं तर ‘पुस्तकातलं कोणतं वाक्य वाचून तुला असं वाटलं?’ एवढंच विचारा. प्राचार्यांना आधी कळवून ठेवा, आणि अकरावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात नाटकाचा विभाग आहे, इब्सेनच्या ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’चा उतारा आहे, हे दाखवा. गावातल्या औषधी स्नानगृहांच्या पाण्यात घाण आहे हे सांगणारा डॉक्टर एकटा पडतो, तीच ही वाट. तुम्ही अभ्यासक्रमाबाहेर गेलात असं कोणाला म्हणता येणार नाही.

इंग्रजीचं भय बाळगू नका. गोष्ट मराठीत, वऱ्हाडीतही चालेल. इंग्रजीत एकच प्रवेश. ‘अँटिगनी’तला बाप-लेकाचा वाद यासाठी फार सोयीचा आहे, कारण त्याच्या शेवटी दोघं एकेका ओळीने भांडतात. एका मुलाने एक ओळ, समोरच्याने दुसरी. ज्याला पान वाचायला फेफे उडते तोही एक ओळ ठासून म्हणतो. जेब यांचं जुनं गद्य भाषांतर फुकट मिळतं, पण त्याची इंग्रजी आता जड जाते. त्यावरून मुलांकडूनच सोप्या इंग्रजीत दोन पानं लिहून घ्या. मराठीतून ग्रीक नाटक कसं वाजतं हे ऐकवायचं असेल तर पु. ल. देशपांड्यांच्या ‘राजा ओयदिपौस’मधली सुरुवात वाचा, रोगराईने गांजलेलं गाव राजाच्या दारात येऊन बसतं तिथली.

प्रतींचा खर्च येणार नाही. ऑरवेल १९५० साली गेला, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे ‘ॲनिमल फार्म’ची झेरॉक्स बिनघोर काढा. प्रकरणं सुटी सुटी बांधा. कापसाची वेचणी सुरू झाली की मुली आधी गळतील, मग मुलं. दोन शनिवार चुकलेल्या मुलीला तिसऱ्या शनिवारी येऊन बसता यावं, म्हणून प्रत्येक तासाला एकच प्रसंग घ्या आणि तो त्याच तासात संपवा. वेचणीवरून परतलेल्यांना आधीचं कोणी सांगायचं, ते मुलांनाच ठरवू द्या.